लख्ख घासलेले दगड

चिसाले या मोठ्या सरोवराकाठच्या गावात बाईची परीक्षा तिच्या भांड्यांच्या बुडावरून होते. भांडी घासायची, अंगणातल्या बांबूच्या माचावर पालथी घालायची, बुडं रस्त्याकडे करायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी काय ते ठरवायचं. चूल लाकडाची, तेव्हा बूड काळं होणारच. ते कोणाचं काळं राहतं आणि कोणाचं चकाकतं यावरून या गावात लग्नं जुळली आहेत आणि मोडलीही आहेत. फालेसीच्या पातेल्यांच्या बुडात माणसाला स्वतःचे दात दिसत. राख आणि सरोवरकाठची बारीक वाळू, एवढ्यावर ती हे काम करायची, आणि कोणी कौतुक केलं तर त्यात काय एवढं असं म्हणून मान वळवायची. मान वळवून हसायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

गावात तिला फालेसी कोणी म्हणत नसे. न्यालोंग्वे, म्हणजे लोंग्वेंची लेक, हीच हाक. सरोवराच्या या काठावर बाई सासरी म्हातारी झाली तरी बापाच्या कुळानंच ओळखली जाते. नवरा योनासी तीन वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्यानं गेला. दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या. आणि गेल्या महिन्यात, पातेल्यांच्या कीर्तीवरच म्हणा ना, मत्स्यसमितीच्या टाकीघरात साफसफाईसाठी तिला घेतलं.

टाकीघर म्हणजे पत्र्याचं एक लांबट घर, आत काचेच्या सहा टाक्या. पाच टाक्यांत इकडचेतिकडचे मासे. सहाव्या टाकीपुढे मात्र उगाच कोणी मोठ्यानं बोलतसुद्धा नसे. तिच्यात कालुंगेचे चौदा मासे होते.

कालुंगे हा गावासमोरचा खडक, होडीनं अर्ध्या तासावर. त्या खडकावर म्बुना मासे असत, बोटभर लांब, निळे, पाठीवर हळदीचं बोट ओढल्यासारखा पिवळा पट्टा. म्बुना सगळ्या सरोवरात आहेत, पण हा पट्टा फक्त कालुंगेला. लहानपणी गावातल्या पोरी होडीतून तिथं जायच्या, पाण्यात पाय सोडून बसायच्या, आणि हे मासे पायाच्या बोटांना गुदगुल्या करायचे. मग व्यापारी आले. परदेशात दिवाणखान्यात ठेवायला असे मासे लोक मागतात म्हणाले. गावातले चांगले बुड्या मारणारे पाच-सहा जण त्यांनी कामाला लावले, आणि सहा-सात वर्षांत खडक ओस पडला. त्या बुड्या मारणाऱ्यांत सगळ्यात चांगला होता योनासी.

आता तिकडच्या कोणा मासेवेड्या माणसाकडे वाढलेले, त्या माशांच्या नातवंडांची नातवंडं म्हणावीत असे चौदा, प्लास्टिकच्या पिशव्यांतून विमानानं परत आले होते. ते वाढवायचे, त्यांची पिल्लं करायची आणि पिल्लं कालुंगेला सोडायची, असं समितीनं ठरवलं होतं.

फालेसीनं ही नोकरी का धरली, हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. लोकांना वाटलं, एकटी बाई, चार पैसे मिळतील. पैसे मिळत होते, नाही कशाला म्हणा. पण योनासीच्या अंत्यविधीला, मागच्या अंगणात बायका मोठ्या पातेल्यांत कोंडोवोले ढवळत असताना, कोणीतरी बोललं होतं, की कालुंगे पुसून काढला आणि आता स्वतःही गेला. कसाव्याच्या पिठाचा तो घट्ट गोळा त्या दिवशी फालेसीच्या घशाखाली उतरला नाही. तेव्हापासून एकच गोष्ट तिला हवी होती. हे मासे त्या खडकावर परत दिसायला हवेत. योनासीनं नेलं ते परत आलं, एवढं गावानं बघायला हवं.

टाकीघराचे मुख्य चाव्हुला, सगळे त्यांना मानानं बाम्बो म्हणत. किडकिडीत, सावकाश बोलणारे, एक गोष्ट तीनदा सांगणारे गृहस्थ. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला दगड कसे साफ करायचे ते दाखवलं. टाकीतलंच पाणी बादलीत काढायचं. एका वेळी दोनच दगड उचलायचे. जुन्या टूथब्रशनं वरचा गाळ हलकेच झटकायचा, शेवाळाला हात लावायचा नाही, आणि दगड होता तिथंच परत ठेवायचा. फालेसीनं हो हो म्हणून मान डोलावली. मनात म्हणाली, बापरे, आता पुरुषमाणूस मला घासायला शिकवणार.

मंगळवारी सकाळी चाव्हुला मीटिंगसाठी म्झुझू शहरात गेले ते गुरुवारी संध्याकाळी यायचे होते. शनिवारी गावचे मुखिया आणि चार मंडळी टाकीघर बघायला येणार होती. जाताना ते म्हणाले, काच पुसून ठेवा, दगडांवरून जरा हात फिरवा.

आता हात फिरवा म्हणजे काय, हे ज्यानं त्यानं आपल्या हाताप्रमाणे ठरवायचं. फालेसीनं सहाव्या टाकीतले दगड बघितले. हिरवे, बुळबुळीत, दाढी वाढलेल्या म्हाताऱ्यांसारखे. मुखिया येणार, त्यांच्यामागून अर्ध्या गावच्या बायका येणार, आणि न्यालोंग्वेच्या हाताखालचे दगड हे असे? तिला लाजच वाटली. तिनं सगळेच्या सगळे, एकोणीस दगड बाहेर काढले, मागच्या नळावर नेले, राख घेतली, वाळू घेतली आणि बसली घासायला. दुपारपर्यंत घासत होती. दगडांना मुळात रंग असतात हे तिला त्या दिवशी कळलं. एक तर गुलाबी निघाला. दहा-दहा पाण्यांनी धुऊन, उन्हात सुकवून, तिनं ते टाकीत मांडले, माचावर पातेली मांडतात तसे, मागच्या काचेला लागून मोठ्यापासून लहानापर्यंत एका रांगेत. मग चार पावलं मागं सरून बघितलं. लख्ख. खरं सांगायचं तर स्वतःवर इतकी खूश ती कितीतरी दिवसांत झाली नव्हती.

बुधवारी सकाळी दार उघडलं तेव्हा टाकीतलं पाणी ढवळल्यासारखं दिसत होतं. चौदांत एक थोराड नर होता, त्याला ती मुखियाचा मेव्हणा म्हणायची, कारण काम नाही आणि रुबाब मोठा. तो मेव्हणा सगळ्या टाकीभर एकेकाला पिटाळत सुटला होता. लपायला जागाच नव्हती. रांगेतल्या दगडांमागे ना कपार ना भोक. दोन मासे फाटक्या पंखांनी वर पाण्याच्या कडेला लटकले होते. एक कोवळा नर तळाशी आडवा पडला होता, तो मेला होता. आणि कोपऱ्यात, पाणी सोडणाऱ्या नळीच्या मागे, एक मादी अंग चोरून उभी होती. तिचा गळा फुगलेला होता. चाव्हुलांनी गेल्या आठवड्यात तीच मादी दाखवून तीनदा सांगितलं होतं, हिनं तोंडात अंडी धरलीत, तीन आठवडे ही काही खाणार नाही, पिल्लं तोंडातच वाढवील. पण फार घाबरली तर अंडी गिळून टाकील.

कालुंगेच्या माशांची इथं धरलेली ती पहिली अंडी होती.

फालेसीनं पिशवीतून फोन काढला. तिनं चाव्हुलांना फोन लावला, तो मीटिंगमध्ये त्यांनी कापला. पुन्हा लावला तर बंद. मेलेला मासा तिनं जाळीनं काढला. हा फेकून दिला तर? असं एक क्षण मनात आलं, खोटं कशाला सांगा. मेव्हण्यानं मारला म्हटलं तर कोणी दोषही दिला नसता. पण तिनं तो बशीत ठेवला, वर झाकण घातलं आणि बशी चाव्हुलांच्या टेबलावर ठेवली. मग काय करावं ते सुचेना म्हणून तडक पाण्यावर गेली. या गावच्या बाईला सुचेनासं झालं की ती पाण्यावरच जाते.

धुण्याच्या जागी न्याकामांगा सतरंजी आपटत होती. न्याकामांगा म्हणजे शेजारीण, लहानपणापासूनची, तोंडानं तिखट. फालेसीचा चेहरा बघून तिनं विचारलं, की आज पातेली सोडून तोंड का काळं झालंय. फालेसी गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली आणि खाली बघत राहिली.

चाळीस वर्षं ती इथं भांडी घासत होती, पण पायाखाली असं कधी बघितलं नव्हतं. जिथं बायका घासतात तिथले दगड बोडके होते, पांढरे, स्वच्छ. आणि तिथं एकही मासा नव्हता. पलीकडे, टोकाच्या वळणावर, जिथं कोणी घासत नाही, तिथले दगड हिरव्या दाढीचे, आणि त्या दाढीला मासेच मासे लागले होते, चरत होते, बकऱ्यांसारखे. बोडक्या दगडावर कोणी ढुंकूनही बघत नव्हतं.

“अगं बाई,” ती स्वतःशीच म्हणाली, “मी त्यांची भाकरी घासून टाकली.”

ती टोकाशी गेली, दोन हिरवे दगड उचलले, कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेच्या ओच्यात धरून निघाली आणि वाटेत थांबली. टाकीघराच्या दारावर चाव्हुलांनी लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, सरोवरातलं काहीही आत आणू नये. ओल्या दगडाबरोबर गोगलगाय येते, रोग येतो, दुसऱ्या खडकाची पिल्लं येतात, हे सगळं त्यांनी अर्थातच तीनदा सांगितलं होतं. एकदा न ऐकून एक मासा गेला होता. तिनं दगड पुन्हा पाण्यात सोडले. हात रिकामे झाले आणि तिला रडू फुटलं. न्याकामांगा लांबून बघत होती, पण आली नाही.

परत आली ती मागच्या दारानं, आणि तिथंच तिचं लक्ष गेलं. टाक्यांचं जुनं पाणी मागच्या बागेत सोडतात, मोहरीच्या भाजीला. ते पाणी जायला दगड लावून केलेली एक चारी होती. त्या दगडांवर रोज टाक्यांचंच पाणी वाहायचं, वर ऊन लागायचं, आणि सहा-सात वर्षांत त्यांना अशी दाढी आली होती की खालचा दगड दिसू नये. सरोवराशी त्यांचा संबंध नव्हता. पुढच्या आठवड्यात तेही घासून काढायचे, असं तिनं मनाशी ठरवून ठेवलं होतं.

तिनं चारी उपसली. एकेक दगड टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत हलकेच हिसळला, जुन्या टूथब्रशनं फक्त माती झटकली. आता ते मांडायचे कसे? बसल्या जागी तिला योनासीचं ताट आठवलं. खडकाखालचं जग तिला समजावून द्यायला तो जेवताना कोंडोवोलेचे लहान गोळे एकमेकांवर रचायचा आणि मध्ये बोट घालून भोकं पाडायचा. म्हणायचा, प्रत्येक घराला दोन दारं लागतात, एकातून शत्रू आला तर दुसऱ्यातून पळता यायला हवं. एका दाराचं घर ते घर नव्हे. मग सगळा कालुंगे उसिपा नावाच्या बारक्या माशांच्या कालवणात बुडवून खाऊन टाकायचा, आणि ती हसायची.

तिनं तसेच रचले. मोठे खाली, मध्ये कपारी, प्रत्येक कपारीला दोन तोंडं. बोट घालून प्रत्येक दार तपासलं. वेडेवाकडे, हिरवे, बुळबुळीत दगड, कुठंही रांग नाही. घासलेले दगड तिनं बाहेर काढून चारीला लावले. मेव्हण्यानं नव्या वस्तीभोवती दोन चकरा मारल्या. कुठलं घर आपलं ते त्याला कळेना. कळेना म्हटल्यावर दुसऱ्याला हाकलायचं तरी कुठून? तो एका कपारीत शिरला, दुसऱ्या दारानं बाहेर आला, पुन्हा शिरला. तेवढ्यात बाकीच्यांनी आपापली भोकं गाठली. गळा फुगलेली मादी सगळ्यात शेवटी, कडेकडेनं सरकत, मागच्या एका कपारीत गेली आणि दिसेनाशी झाली.

गुरुवारी संध्याकाळी चाव्हुला आले. फालेसी दारातच उभी होती. बशीवरचं झाकण तिनंच काढलं आणि काय केलं ते सगळं सांगितलं, राखेसकट. त्यांनी बशी उचलून खिडकीशी उजेडात नेली.

“न्यालोंग्वे, मी सांगितलं होतं, एका वेळी दोन.”

“सांगितलं होतं.”

“मग?”

“मला वाटलं, घासणं मला कोण शिकवणार.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. हे नवे दगड कुठले, हे विचारलं. तिनं चारी दाखवली. सरोवरातला एकही नाही ना, हे त्यांनी तीनदा विचारलं आणि तिनं तीनदा सांगितलं. मग ते टाकीपुढे स्टूल घेऊन बसले आणि अंधार पडेपर्यंत उठले नाहीत. उठताना म्हणाले, की एक मासा गेला तो गेला, त्याचं त्यांना वाईट वाटतंय आणि ते तसंच वाटत राहील. पण घरं मोडून नवी केली की भांडकुदळ नराची मस्ती उतरते, हे त्यांना पुस्तकातून माहीत होतं, करून बघायची हिंमत झाली नव्हती. मादीचं मात्र सांगता येत नाही. तिनं गिळली असतील तर दहा दिवसांत कळेल, नसतील तरी दहा दिवसांतच कळेल.

“मी उद्या येऊ का नको?” फालेसीनं विचारलं.

“दहा दिवस त्या टाकीत हात घालायचा नाही,” ते म्हणाले. “पण या. लांबून बघायला कोणीतरी हवंच.”

शनिवारी मुखिया आले, मंडळी आली, मागून बायका आल्या. काचा लख्ख होत्या, लादी लख्ख होती, आणि सहाव्या टाकीत मोरीच्या तोंडाशी असावेत तसले दगड. मुखिया सभ्य माणूस, ते काही बोलले नाहीत. न्याकामांगाचं तसं नव्हतं. तिनं नाक दाबलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “न्यालोंग्वे, घरची पातेली आरशासारखी आणि पगार घेऊन ही घाण? बायांनो, कोणी हिला थोडी राख द्या गं.”

बायका हसल्या. फालेसीच्या कानशिलांना आग लागली. चाळीस वर्षांत तिला कोणी घाणेरडी म्हटलं नव्हतं. एका वाक्यात सांगून टाकता आलं असतं, पण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, मेलेला मासा, योनासी, अंत्यविधीचं ते बोलणं. आणि मादीनं अंडी गिळली असतील तर सांगून तरी काय उपयोग?

“राहू दे,” ती एवढंच म्हणाली. “ती घाण त्यांची आहे, त्यांना आवडते.”

पुढचे दिवस तिला फार जड गेले. घरी पातेली घासायला बसली तरी हात सावकाश चालायचे. टाकीपुढे स्टुलावर बसून ती मागच्या कपारीकडे बघत राहायची. मादी कधी नाकाएवढी बाहेर यायची, गळा फुगलेला आहे की नाही ते कळायच्या आत मागे सरायची. कधी वाटायचं आहे, कधी वाटायचं आपल्यालाच हवंय म्हणून दिसतंय. मेव्हणा हिरव्या दाढीवर चरत होता, फाटक्या पंखांचे दोघे सावरत होते. बाकी सगळं ठीक होतं. ते पुरेसं नव्हतं.

अकराव्या दिवशी सकाळी तिनं पत्र्याची खिडकी उघडली, ऊन टाकीत तिरपं आलं, आणि तिला वाटलं दगडावरचं शेवाळ हलतंय. ती जवळ गेली. शेवाळ हलत नव्हतं. शेवाळात, नखाच्या कडेएवढी, करडी पिल्लं होती, आणि प्रत्येक जण त्या दाढीला चिकटून एखाद्या मोठ्या माणसासारखा मन लावून चरत होता. पाच, नऊ, मग तिनं मोजणं सोडलं. मादी कपारीच्या तोंडाशी होती. तिचा गळा सपाट झाला होता आणि ती तीन आठवड्यांच्या उपवासानं इतकी बारीक झाली होती, की फालेसीला तिच्यासाठी काहीतरी शिजवावंसं वाटलं.

चाव्हुला यायला अजून तास होता. फालेसी रस्त्यावर आली. तिला कोणाला तरी सांगायचंच होतं, आणि रस्त्यानं डोक्यावर धुण्याचं टोपलं घेऊन नेमकी न्याकामांगा चालली होती. दुसरी कोणी असती तर बरं झालं असतं, पण फालेसीनं हाक मारली.

न्याकामांगा आत आली. टोपलं खाली ठेवलं, काचेला नाक लावलं. तिला आधी काही दिसेना, म्हणाली, दाखवतेस काय, तुझं शेवाळ? मग एका पिल्लानं कूस बदलली आणि तिला दिसलं. ती गप्प झाली. न्याकामांगाला गप्प झालेली फालेसीनं लग्नात आणि चर्चमध्येसुद्धा बघितली नव्हती.

“ही कालुंगेची?” तिनं हळूच विचारलं.

“हो. मोठी झाली की तिथं जाणार. योनासीनं तिथून नेली होती. मला ती परत तिथं बघायचीत, म्हणून मी इथं येते. पगारासाठी नाही. म्हणजे पगारासाठीपण.”

हे आजवर तिनं कोणापुढे म्हटलं नव्हतं. म्हटलं गेल्यावर तिला हलकं वाटलं आणि थोडी भीतीही वाटली. न्याकामांगा काचेवरून नजर न काढता म्हणाली, “अंत्यविधीच्या दिवशी पातेल्यापाशी बोलणारी मीच होते.”

“माहीत आहे. आवाज ओळखत नाही का मी तुझा?”

“तीन वर्षं माहीत होतं? आणि तू मला मीठ देत राहिलीस?”

“मागायला तूच यायचीस ना.”

न्याकामांगानं चितेंजेच्या टोकानं डोळे पुसले, काचही पुसली, कारण तिच्या श्वासानं ती धुरकटली होती. एक पिल्लू दगडाच्या एका दारातून आत गेलं आणि दुसऱ्या दारानं बाहेर आलं. दोघी बघत राहिल्या.

“कधी न्यायची?” न्याकामांगानं विचारलं.

“मे महिना म्हणतात बाम्बो. म्वेरा वारा सुटायच्या आधी, पाणी शांत असतं तेव्हा.”

“मग होडी आमची घ्या. समितीच्या होडीला भोक आहे, सगळ्या गावाला माहीत आहे. आणि पुढे बसायचं ते तू बसायचंस. वल्हं मी मारीन, धक्क्यासमोरून, भर सकाळी, सगळे बघत असताना.”

फालेसीनं मान हलवली. न्याकामांगानं टोपलं उचललं, डोक्यावर ठेवलं, दारापर्यंत गेली आणि परत आली, अजून एकदा बघायला.